फोटोत कुणीच नको

दातांच्या डॉक्टरांनी गॅलरीत ट्रायपॉड लावला, त्यावर कॅमेरा चढवला, एक डोळा मिटून दुसऱ्याने पाहिले, तर समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक जांभळी चादर वाळत होती. अख्ख्या इमारतीवर तेवढी एकच. तीही नेमकी फोटोच्या मधोमध, जणू कुणी माप घेऊन टांगली असावी.

"अगं, काल नव्हती ना ही चादर?"

"काल ढग होते," बायको आतून म्हणाली. "ढगात कोण चादर वाळत घालतं?"

हे अगदी बरोबर होते, आणि त्या सकाळी डॉक्टरांना बरोबर बोलणारे माणूस नको होते. त्यांना कोणतेच माणूस नको होते, कारण त्यांच्या फोटोचे नाव होते 'निर्मनुष्य'.

जगात लोक आधी फोटो काढतात आणि मग त्याला नाव शोधतात. डॉक्टर आधी नाव ठरवत आणि मग त्या नावाला शोभेलशी इमारत शोधत गावभर हिंडत. 'मौनाचे मजले' हे नाव त्यांना एका पेशंटची कवळी घासताना सुचले होते. त्याच्यासाठी त्यांनी बँकेचा जिना, पाण्याची टाकी आणि गाड्या लावायचे तळघर असे तीन उमेदवार पाहिले. 'शून्याचे स्वगत' म्हणजे बंद पडलेल्या लिफ्टचे दार होते. बायको म्हणायची, तुमची नावं इतकी जडशीळ असतात की त्यांच्याखाली फोटो बिचारा अंग चोरून बसतो.

शहरातल्या हौशी छायाचित्रकार मंडळाचे दरवर्षी इमारतींच्या फोटोंचे प्रदर्शन भरे, आणि दरवर्षी अध्यक्ष डॉक्टरांचे फोटो साभार परत करत. कधी 'मूड नाही', कधी 'रचना ढिली'. गेल्या वर्षी तर एका खांबामागून कुणाचे तरी कोपर आले होते. "वास्तूच्या फोटोत माणूस म्हणजे घासातला खडा," असे म्हणून अध्यक्षांनी त्या कोपरावर बोट ठेवले होते. यंदा मात्र उद्घाटन दुसऱ्या सकाळवर आले तरी सभागृहाच्या दारासमोरच्या भिंतीवर एक जागा रिकामी राहिली होती. संध्याकाळपर्यंत चांगला फोटो आला तर ती डॉक्टरांची. नाहीतर तिथे अध्यक्षांच्या मेहुण्याने काढलेला सांडपाण्याच्या पाइपांचा फोटो लागणार होता.

डॉक्टरांनी आपला फोटो लागणार असे सगळ्या पेशंटना आधीच सांगून टाकले होते. त्यांची तोंडे उघडी आणि कापसाने भरलेली असल्यामुळे कुणी शंका काढली नव्हती. पण यात नुसता फुशारकीचा भाग नव्हता. दातांचे काम कितीही सुबक केले तरी माणूस तोंड मिटतो आणि ते झाकले जाते. इतक्या वर्षांत डॉक्टरांच्या कामासमोर दोन घटका थांबून कुणी ते पाहिले नव्हते. एकदा तरी तसे व्हावे, एवढेच त्यांच्या मनात होते.

समोरची इमारत तशी साधीच होती, पिवळी आणि पावसाच्या डागांची. पण शेजारच्या उंच इमारतीआडून सूर्य वर आला की तिच्यावर तिरपे ऊन पडे. गॅलऱ्यांच्या सावल्या एकीखाली एक अशा शिस्तीत उतरत, आणि ती साधी इमारत एकदम देखणी दिसू लागे. हा थाट थोडाच वेळ टिके. डॉक्टरांनी चपला पायात सरकवल्या, गल्ली ओलांडली आणि दुसऱ्या मजल्यावरची बेल वाजवली.

दार उघडले ते शिवणकाम करणाऱ्या काकूंनी. गळ्यात माप घ्यायची टेप, हातात अर्धवट बाही. समोर डॉक्टर दिसताच त्यांनी चटकन गालावर हात ठेवला.

"डॉक्टर, मी येणारच होते. आता काही इतकं दुखत नाही."

डॉक्टरांनी सांगितले की दाढेचे नंतर बघू, इमारतीचा फोटो काढायचा आहे, चादर जरा आत घेता का. काकूंचा चेहरा खुलला.

"मग थांबा ना, मी केस नीट करते. गॅलरीतच उभी राहू?"

"नाही नाही. तुम्ही नको."

"मी नको?"

"म्हणजे कुणीच नको. या इमारतीत कुणी राहत नाही, असं दिसायला हवं."

खुर्चीत आडव्या पडलेल्या पेशंटला डॉक्टरांनी हेच सांगितले असते तर काही बिघडले नसते. आपले बोलणे ऐकून समोरच्याला काय वाटते, हे कळून घ्यायची त्यांना आयुष्यात कधी वेळच आली नव्हती. पण काकूंचे तोंड मोकळे होते. त्या आत गेल्या, चादर ओढून घेतली, आणि डॉक्टर खुशीत गल्ली ओलांडेपर्यंत तळमजल्यावर सेक्रेटरींच्या दारात उभ्या राहिल्या.

इमारतीच्या सेक्रेटरींना पाण्याच्या मोटारीखेरीज कित्येक महिन्यांत काही काम मिळाले नव्हते. काकूंचे ऐकताच ते खुर्चीतून उठले. मागच्या गल्लीतल्या इमारतीचे असेच कुणी तरी सकाळी सकाळी फोटो काढून नेले होते, आणि मग ती धोकादायक ठरून तिथल्या लोकांना घरे खाली करायची नोटीस आली होती. आता आपला नंबर. रिकामी दिसली की रिकामी करायला सोपी, हा त्यांचा हिशोब होता, आणि त्यात चूक काढायला जागा नव्हती. इमारतीत माणसे राहतात हे फोटोत दिसलेच पाहिजे, असे ते दारोदार सांगत सुटले.

इकडे डॉक्टरांनी कॅमेऱ्यात पाहिले तर ऊन सुरेख उतरले होते. चादर गेली होती. ते बटण दाबणार तोच पहिल्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि एक आजोबा खुर्चीसकट गॅलरीत आणून ठेवले गेले. मग तिसऱ्या मजल्यावर दोन सुना आल्या. मग कुणी कुंड्या मांडल्या, कुणी टॉवेल, कुणी तान्हे मूल कठड्यावरून पुढे धरले. जांभळी चादर परत आली, आणि या वेळी तिच्या दोन्ही बाजूंना उशांचे अभ्रेही होते.

"तुम्ही तिकडे जाऊन नेमकं काय बोललात?" बायकोने विचारले.

डॉक्टरांनी हात उंच करून गल्लीपलीकडे ओरडून सांगितले, "सगळे आत जा."

याने उरलेसुरले लोकही बाहेर आले.

शेवटी सेक्रेटरी स्वतः डॉक्टरांच्या घरी येऊन धडकले. डॉक्टरांनी त्यांना मंडळ, प्रदर्शन, भिंत, सगळे घाईघाईने सांगितले. एका वेळी दोन डोळे उन्हाकडे आणि एक कान सेक्रेटरींकडे अशी त्यांची अवस्था झाली होती. फोटोत मूड लागतो, असे त्यांनी कळवळून सांगितले.

"मूड कुणाचा?"

"इमारतीचा."

"तो मला विचारा. सकाळी पाणी आलं की चांगला, नाही आलं की वाईट."

मध्यस्थी बायकोने केली. आधी सगळ्यांसकट एक फोटो काढायचा आणि त्याची प्रत इमारतीला पुरावा म्हणून द्यायची. मग सगळ्यांनी आत जाऊन खिडक्या लावून घ्यायच्या आणि डॉक्टरांनी त्यांचा रिकामा फोटो काढायचा. सेक्रेटरींना हे पटले. ते धावत परत गेले आणि आपल्या गॅलरीत छाती काढून उभे राहिले.

डॉक्टर कॅमेऱ्यामागे गेले. समोर चारही मजल्यांवर माणसेच माणसे, पण चेहरे असे की नोटीस हातात पडलीच आहे. पुरावा म्हणून ठीक होते, तरी काहीतरी म्हणायला हवे म्हणून डॉक्टरांनी हात वर केला. अशा वेळी फोटोग्राफर म्हणतात तसे 'हसा' म्हणायचे त्यांच्या मनात होते. पण जन्मभराची सवय जिभेवर आधी आली.

"आ करा," डॉक्टर म्हणाले.

आणि इमारतीने आ केला. निम्म्याहून अधिक लोक त्यांचे पेशंट. त्या आवाजाला त्यांची तोंडे आपोआप उघडायची. उरलेल्यांनी शेजाऱ्यांचे पाहून उघडली. सेक्रेटरींनी तर डोळेही मिटले. मग काकूंनी खाली वाकून सेक्रेटरींकडे पाहिले, सुनांनी काकूंकडे पाहिले, आणि खालून वरपर्यंत अख्खी इमारत हसत सुटली. आजोबा इतके हसले की त्यांना दोघांनी धरले. डॉक्टरही हसत होते, आणि हसता हसताच त्यांचे बोट दाबले गेले.

लोक शब्दाला पक्के निघाले. कठड्यांवरचे कपडे काढले, सगळे आत गेले, खिडक्या लावल्या. एवढे होईतो ऊन वर चढून गेले होते. सावल्या आखडल्या होत्या आणि समोर एक पिवळी भिंत उरली होती. डॉक्टरांनी तिचाही फोटो काढला, कारण नाव तयार होते.

संध्याकाळी अध्यक्षांनी त्या भिंतीकडे पाहून 'मूड नाही' म्हटले. मग डॉक्टरांनी भीत भीत दुसरा फोटो पुढे केला. अध्यक्षांनी तो सरळ धरला, आडवा धरला.

"यात वास्तू कुठे आहे?"

"मागे आहे," डॉक्टर म्हणाले.

भिंत मेहुण्याला मिळाली. डॉक्टर घरी आले, जेवले नाहीत, आणि बायकोने विचारले तेव्हा फक्त पाइप लागणार म्हणाले. त्यांना खरेच फार वाईट वाटले होते. समोरच्यांना सांगायचे काम त्यांनी सकाळवर टाकले. इमारतीच्या वाट्याची प्रत तरी देऊ, म्हणून त्यांनी ती चांगली मोठी छापून घेतली होती.

सकाळी प्रत वर्तमानपत्रात गुंडाळून डॉक्टर गल्लीत उतरले आणि जागीच थबकले. ऊन कालच्यासारखेच तिरपे पडले होते. एकीखाली एक सावल्या उतरल्या होत्या. एकूण एक खिडकी बंद, कठड्यावर एक चिंधी नाही, कुठे चिटपाखरू नाही. वर्षभर डोळ्यांपुढे होता तो फोटो समोर तयार उभा होता, आणि कॅमेरा घरात कोचावर पडला होता.

सेक्रेटरींच्या दाराला कुलूप होते. त्याशेजारच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते की आपल्या इमारतीचा फोटो प्रदर्शनात लागत आहे, सर्वांनी सहकुटुंब उद्घाटनाला यावे.

डॉक्टरांनी एकदा वर पाहिले. इमारत देखणी दिसत होती आणि भयंकर भकास दिसत होती. जिना चढून कॅमेरा आणायला कितीसा वेळ लागला असता. पण तिकडे ती सगळी माणसे भिंती भिंतींवर स्वतःला शोधत असतील. ते कॅमेऱ्याकडे गेले नाहीत. बायकोला हाक मारून ते सभागृहाकडे धावत सुटले.

सभागृहात अध्यक्ष आनंदात होते. उद्घाटनाला मंडळाच्या सभासदांखेरीज कुणी येण्याची ही पहिलीच वेळ. एवढे सारे लोक नीटनेटके कपडे करून, आजोबांना खुर्चीत घालून आलेले पाहून त्यांनी अवकाश आणि रेषा यांवर मोठे भाषण केले. लोकांनी ते सभ्यपणे ऐकले. मग काकूंनी सगळ्या भिंतींवरून नजर फिरवली.

"एवढ्या सगळ्या इमारती रिकाम्या का हो केल्या?"

इतक्यात डॉक्टर धापा टाकत आत आले. त्यांनी आल्या आल्या सांगून टाकले, की प्रदर्शनात फोटो घेतला नाही, कालच कळले होते, आणि सांगायचे धैर्य झाले नाही. सेक्रेटरींचा चेहरा पडला.

"काय कमी पडलं आमच्यात?"

"कमी नाही," डॉक्टर म्हणाले. "माणसं जास्त झाली."

सेक्रेटरींनी मान हलवली आणि दाराकडे वळले. त्यांच्यामागून काकू, सुना, आजोबांची खुर्ची असे सगळेच वळले. अध्यक्षांनी त्या हलणाऱ्या गर्दीकडे पाहिले, मग तिच्यामागे उरणाऱ्या सभागृहाकडे पाहिले. मेहुण्याने त्यांच्या तोंडाकडे पाहून आपले पाइप खिळ्यावरून उतरवले. त्याला मुळात केव्हाचे घरी जायचे होते.

वर्तमानपत्र सुटले, फोटो लागला, आणि गर्दी परत फिरली. हा मी, ती तू, आजोबांचे दात बघा, असा जो गलका उठला त्याने रस्त्यावरचे लोकही आत डोकावले आणि थांबले. नावाच्या चिठ्ठीसाठी डॉक्टरांना विचारले तर त्यांच्याकडे आयुष्यात पहिल्यांदा फोटो होता आणि नाव नव्हते. सेक्रेटरींनी इमारतीचे पूर्ण नाव, नोंदणी क्रमांकासकट, सुचवले. शेवटी बायकोने पेन घेऊन 'समोरची माणसं' असे लिहिले आणि चिठ्ठी चिकटवून टाकली.

डॉक्टर मागे उभे होते. लोकांच्या पाठींच्या भिंतीमुळे त्यांना स्वतःचाच फोटो दिसत नव्हता, आणि ते त्यांना फार आवडले होते.

तेवढ्यात अध्यक्ष त्यांच्याजवळ येऊन उभे राहिले. घसा साफ करून त्यांनी हळूच विचारले, पुढच्या वर्षी ते स्वतः राहतात त्या इमारतीचा असा फोटो निघेल का. गॅलऱ्या पूर्वेला आहेत, सकाळी ऊन चांगले येते.

"काढू की," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही फक्त सगळ्यांना बाहेर बोलवा."

अध्यक्षांनी समोरच्या गर्दीकडे पाहिले.

"तीच अडचण आहे," ते म्हणाले. "मी तिथे कुणालाच ओळखत नाही."

"मग आत्तापासून लागा," डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अजून वर्ष आहे."