शहाजिऱ्याच्या वासाला बहुमत

सुगंध नाकाला कळत असला, तरी सिद्ध होतो तो कागदावरच. म्हणून मसाल्याच्या त्या कारखान्यात शहाजिऱ्याचं प्रत्येक पोतं पाच जणांची सुगंध समिती हुंगते, आणि पाच सह्या झाल्याखेरीज एक पुडी बाहेर जात नाही. शहाजिऱ्याचं रोप मात्र फार साधं. पहिल्या वर्षी नुसती पानं काढून बसतं, दुसऱ्या वर्षी फुलतं, बी देतं आणि पेन्शन न मागता मरतं (कर्मचाऱ्यांपुढे व्यवस्थापक हे उदाहरण नेहमी ठेवतात).

समितीत चार साहेब आणि एक नाकमावशी. साहेबांना हुद्दा होता, मावशींना नाक. सव्वीस वर्षं या नाकासाठी त्यांनी कच्चा कांदा सोडला, अत्तर सोडलं, मुलीच्या लग्नात केसांत फूलसुद्धा माळलं नाही. डोळे मिटून त्या सांगत, हे बी यंदाचं, हे गेल्या सालचं, आणि या तिसऱ्याच्या पोत्यात आधी साबण होता. त्याचा त्यांना फार अभिमान होता आणि तो रास्तच होता.

यंदा कारखान्याने एक शास्त्रीय सुधारणा केली. शहाजिऱ्यातलं तेल आधी वाफेवर काढून दंतमंजनवाल्याला विकायचं, मग उरलेलं बी वाळवून पुडीत भरायचं. बी दिसायला तसंच, बाकदार, रेघारेघांचं. फक्त वास दातांकडे गेलेला.

नमुना समितीपुढे आला. व्यवस्थापक हुंगून "वा!" म्हणाले. भांडारप्रमुख "वा वा!" म्हणाले. विक्रीप्रमुखांना तर ठसकाच लागला (ते त्या वेळी चहा पीत होते). चौथ्या साहेबांनी बशी उचललीच नाही, त्यांना लांबूनच आला. मावशींनी दोनदा हुंगलं, चार दाणे चावले आणि लिहिलं, 'वास नाही.'

"मावशी, सर्दी झालीय का?" व्यवस्थापकांनी मायेने विचारलं.

"नाही साहेब. यातलं तेल काढलंय."

"चौघांना वास आला. तुमचंच नाक तेवढं शहाणं का?"

"चौघांचं मी काय सांगू? मला तर भुसा हुंगल्यासारखं वाटतंय."

मावशींना डॉक्टरकडे धाडलं. नाक ठणठणीत असल्याचा दाखला आला आणि प्रकरण गंभीर झालं. आजारी नाकाला रजा देता येते, धडधाकट नाकाचं काय करायचं याचं कलमच नव्हतं.

"सही करा, नाहीतर समिती सोडा," व्यवस्थापक म्हणाले.

"या नाकाशिवाय मला काही येत नाही साहेब. त्यालाच खोटं कसं पाडू?" असं म्हणून त्यांनी पेनाला टोपण लावलं.

त्यांची बदली मिठाच्या विभागात झाली. मिठाला वास नसतो, त्यामुळे 'वास नाही' हा त्यांचा शेरा तिथे रोज बिनचूक ठरतो. सहा महिन्यांत त्यांना अचूकतेचं प्रमाणपत्रही मिळालं. बदलीनंतर त्या दोनदाच रडल्या, त्यात एकदा ते घेताना.

पाचव्या सहीच्या जागी 'पद रिक्त' असा शिक्का मारून पुड्या विकल्या गेल्या एक लाख बारा हजार. तक्रारी शून्य. उलट चिमूटभर टाकताच घर दरवळतं, अशी चौदा पत्रं आली.

समितीतल्या पाचव्या जागेसाठी जाहिरात काढावी लागली नाही. गेल्या आठवड्यात पुडीवरची 'सुगंधाची हमी' वाचून, भाजीवरचं झाकण काढून तुम्ही "वा!" म्हणालात, तेव्हाच तुमची नेमणूक झाली.