शेवटच्या डब्यातला माणूस

चूक माझी होती. हेतू चांगला होता, असं म्हटल्याने ती लहान होत नाही. पण आधी वानखेडेकाकांची ओळख करून देतो.

नोएडातल्या आमच्या सोसायटीत ते समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात. मूळचे चंद्रपूरकडचे, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त. त्यांना मालगाड्यांच्या जुन्या फोटोंचं वेड आहे. जुन्या बाजारात नवा फोटो मिळाला की बेल वगैरे विसरून ते आमचं दार बडवतात.

"सुधीर, चल! गाडी आलीय!"

मग टेबलावर फोटो, हातात भिंग. मी इंजिनाकडे बोट केलं की चिडतात. "इंजिन कोणीही बघतं यार! शेपटी बघ! रुळांत गवत दिसतंय? म्हणजे ही बाजूची लाइन. खांबाची सावली बघ, दुपार टळलीय. गाडी कधीची अडकलीय, आणि गार्डसाहेब वैतागलेत. बिल्कुल वैतागलेत!"

गार्डसाहेब म्हणजे शेवटच्या डब्याच्या दारातला तांदळाएवढा ठिपका.

एकदा आम्ही कोपर्निकस मार्गावरच्या मराठी कँटीनमध्ये मिसळ खायला गेलो. काकांनी तिथेही फोटो पसरला आणि वाढप्याला बजावलं, "भैया, रस्सा उधर रखो. इधर मालगाडी खड़ी है."

काकू म्हणाल्या, "मी मालडबा असते, तर एवढं निरखून बघितलं असतंत मला."

"तू इंजिन आहेस. इंजिन कोणीही बघतं."

गेल्या महिन्यात काका एक फोटो घेऊन अक्षरशः धावत आले. बल्लारशाहकडची मालगाडी. शेवटच्या डब्याच्या दारात झेंडा घेतलेला माणूस, चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा डाग. "तू कॉम्प्युटरवाला. जरा धूळ काढून दे. बाकी काही नको हां."

मी फोटो मोबाइलमधल्या ॲपला दिला. क्षणात गाडी चकाचक झाली आणि त्या डागातून धारदार नाक, भरघोस मिशा, शांत डोळे उगवले. मला इतका आनंद झाला, की मोठी प्रत काढून, फ्रेम करून मी काकांना नेऊन दिली. चेहरा यंत्राने आपल्या मनाने बसवलाय, हे सांगावं असं डोक्यातही आलं नाही.

काका फ्रेम घेऊन तडक आत गेले. मग हातोडी शोधायला लागले आणि बुद्धमूर्तीशेजारी स्वतः खिळा ठोकला.

काकू मला हळूच म्हणाल्या, "ह्यांचे वडील त्याच लाइनवर मालगाडीचे गार्ड होते. हे अगदी लहान असताना गेले. चेहरा आठवत नाही आणि घरात एकही फोटो नाही. म्हणून तर हे सगळं."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी चहा प्यायलो आणि घरी आलो.

रात्रभर तो खिळा मलाच टोचत होता. सकाळी मूळ फोटो घेऊन गेलो, तर काका स्टुलावर चढून फ्रेमला भिंग लावून उभे.

"ये, ये! गंमत बघ! दोन डब्यांमध्ये जोडणीच नाही! साखळी गायब! ही गाडी निघाली ना, तर गार्डसाहेब मागेच राहतील!" ते मोठ्याने हसले. भिंग चाकांवरून फिरलं, झेंड्यावरून फिरलं, दारापाशी आलं आणि थांबलं. चेहऱ्यावर मात्र गेलं नाही.

"तेवढी साखळीच चुकली असेल," ते म्हणाले. "बाकी तर अच्छा आहे. हो ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं.

मी त्यांना हाताला धरून स्टुलावरून उतरवलं आणि जुना फोटो, त्यातल्या पांढऱ्या डागासकट, त्यांच्या हातात ठेवला.

"काका, खरा फोटो हा. तो चेहरा कुणाचाच नाही, मशीनने बनवलाय. तुम्ही धूळ काढायला सांगितलीत आणि मी तुमच्यासमोर भलताच माणूस उभा केला. काल कळूनही गप्प बसलो. मला माफ करा."