बसप्पांच्या कॉम्प्युटरमधली जागाचोरी

सिरसाळ्यात एक पाटी आहे: ‘संगमेश्वर, खासगी गुप्तहेर. नजर घारीची, बुद्धी वकिलाची. आमच्यापासून काहीही लपत नाही.’ गुप्तहेराची एवढी मोठी पाटी अख्ख्या मराठवाड्यात नसेल. ती मीच रंगवली, आणि संगूभाऊंचा सहायकही मीच, फराज. वर घार काढायला सांगितली होती. ती कोंबडीसारखी झाली, तर भाऊ म्हणाले, “राहू दे, वेशांतर हाय.”

दोन हजार साल जगबुडी न होता उजाडलं, तेव्हा गावात कॉम्प्युटर एकच, बसप्पांच्या लग्नपत्रिकांच्या दुकानात. तो चालवायची वर्षाराणी आणि बिघडवायचे संगूभाऊ. आदल्या दिवाळीत मासिकासोबत फुकट आलेली सीडी त्यात घालून ते दिवसभर बसले होते, आणि ‘मशीनचं डोकं दुप्पट केलं’ असं सांगून फराळ हाणून आले होते.

ऐन लग्नसराईत बसप्पांनी आम्हाला बोलावलं. रोज सकाळी ते मशीन चालू करत, बायको उमाबाई उदबत्ती ओवाळत, आणि बसप्पा डोळे मिटून वैजनाथाचं नाव घेत. मग पडद्यावरच्या डबीच्या चित्रावर टिचकी मारून आत किती जागा रिकामी आहे ते बघत आणि मशीन तापू नये म्हणून बंद करत. वर्षाराणी नंतर यायची.

“सकाळी मी सोता बघतो, आर्धं रिकामं आस्तंय,” बसप्पा म्हणाले. “ही आली की सगळं भरलेलं. गाणी भरती का काय कळंना. पुरावा द्या, उद्याच घरी बसवतो.”

“मी कावून भरीन मालक? घाटनांदूरची पत्रिका ठेवायला जागा न्हाई मला,” वर्षाराणी म्हणाली. मग हळूच मला म्हणाली, “गावात दुसरा कॉम्प्युटर न्हाई, फराजभाऊ. चोर म्हणून काढलं तर मी जाऊ कुटं?” मला लई वाईट वाटलं. भाऊंना वाटलं नाही, ते पुरावा शोधत होते.

पहिला संशय धारूरहून मजकूर भरून आलेल्या एका फ्लॉपीवर. फ्लॉपी उन्हात वाळवली, ती वाकडी झाली, जागा वाढली नाही. दुसरा संशय उंदरावर. तिसऱ्याला भाऊंनी देवघरातली विभूती कीबोर्डवर उधळून बोटांचे ठसे घेतले. सगळे ठसे बसप्पांचे निघाले. “मालक, तुमी काल कुटं होता?” भाऊंनी विचारलं. बसप्पांनी भाऊंपुढे ठेवलेला चहा उचलून परत घेतला.

शेवटी भाऊंनी जाहीर केलं की गुन्हा सकाळच्या पूजेतच घडतो. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे मशीनसमोर उभे राहिलो. बसप्पांनी बटण दाबलं आणि डोळे मिटले. पाळत ठेवायला आलेल्या भाऊंनीही भक्तिभावानं मिटले, म्हणून मीही मिटले.

“आलं बघा पाखरू,” उमाबाई म्हणाल्या.

“कसलं पाखरू?” बसप्पांनी विचारलं.

“काळं-पांढरं, पोट सुटलेलं. तुमी डोळे मिटले की रोज येतंय. मला उदबत्ती धरायची आस्ती, मी कशाला मिटू? वर्षा चालू करती तवा न्हाई येत ते.”

वर्षाराणी पुढे झाली. “मी चालू केलं की दोन नावं येतात, त्यातलं खालचं दाबते. भाऊंनीच शिकवलंय. वरचं कशाचं हाय, भाऊ?”

भाऊ चपलेकडे बघत म्हणाले, “ते लिनक्स, दिवाळीतल्या सीडीतलं. विंडोजसारखंच, पेंग्विन पाखरू त्याची खूण. विंडोजशी भांडण नको म्हणून दोघांना डिस्क आर्धी-आर्धी वाटून दिलती.”

वाटणी करून भाऊ विसरून गेले होते. बसप्पांच्या हट्टापायी दोन्हीकडे वैजनाथाचाच फोटो आणि तसलीच डबी. डोळे मिटलेले असताना दोन नावांतलं एक कोण निवडणार? मशीन जरा वाट बघून आपोआप वरच्या घरात, म्हणजे लिनक्समध्ये, शिरायचं. बसप्पा रोज त्या ओसाड घरातली रिकामी जागा बघून खूश व्हायचे, आणि वर्षाराणी भरलेल्या घरात पत्रिका कोंबत शिव्या खायची.

“म्हंजी जागा तूच खाल्ली बे,” बसप्पा म्हणाले.

“मी पहिल्यापासून गुन्हेगाराच्या सगळ्यात जवळ होतो,” भाऊ म्हणाले, आणि पाखरू काढायला बसले.

संध्याकाळी ती सगळी जागा वर्षाराणीला मिळाली. घाटनांदूरची पत्रिका तिनं आत ठेवली. बसप्पा बराच वेळ गल्ल्याशी चुळबुळ करत होते. माफी मागायची त्यांना सवय नव्हती.

“वर्षा, उद्यापसून उदबत्ती तू लाव,” ते शेवटी म्हणाले.

“लावते,” ती म्हणाली. “पण डोळे उघडे ठिवून. आन् तुमी बी ठेवा, मालक.”