केसरीनाथांच्या कानांसाठी डबी

मनुष्याला ऐकू येणे ही निसर्गाची मेहेरबानी असली, तरी उत्तम ऐकू येणे ही निवडीची बाब आहे. आणि निवड म्हटली की समिती आलीच. समितीशिवाय जे होते ती नुसती खरेदी. आमच्या कुटुंबात खरेदी कोणीही करतो (बायकांनाही मुभा आहे), पण रीतसर निवड आजवर एकदाच झाली. ती दोन हजार आठ साली, माझे दाजी केसरीनाथ यांच्या कानांसाठी. माझी बहीण पुतळाबाई त्यांना दिलेली. मी जकात नाक्यावर कारकून असल्यामुळे समितीचे सचिवपद आपसूकच माझ्या गळ्यात पडले.

दाजींची भिवंडीच्या नारपोलीत कापड विणायच्या लूमची शेड आहे, घराला लागूनच. नारपोलीत ज्याला शांतता म्हणतात ती लाइट गेली की येते आणि लाइट आली की जाते. त्यामुळे कानात सांगायची गोष्ट आमच्याकडे ओरडून सांगतात, आणि तरीही ती गुपितच राहते. तीस वर्षे त्या खडखडाटात उभे राहून दाजींनी तीन माळ्यांचे घर बांधले आणि दोन्ही कान घालवले. आधी चिमण्या गेल्या, मग फोनची घंटी गेली, मग पुतळाबाईचा आवाज गेला (ही गैरसोय आहे हे दाजींच्या काही वर्षे लक्षातच आले नाही).

पण त्यांच्या मुलीचे, मृणालीचे, लग्न शेलार गावात ठरले आणि दाजी कासावीस झाले. आमच्या आगरी लग्नात भटजी उशिरा आला तर चालतो, धवलारीण (आमच्याकडे गुणाबाई) वेळेवर लागते. ती हळदीच्या मांडवात बसून धवला, म्हणजे लग्नाचे गाणे, गाते आणि गाता गाता मुलीच्या बापाचे नाव घेते. बाप या प्राण्याचे नाव एरवी वीजबिलावर येते. गाण्यात यायची ही एकच वेळ. दाजींनी आम्हा सगळ्यांना बसवून सांगितले, "मना दुसरा काय नको. गुनाबाय धवल्यात माजा नाव घेल, तवरा आयकाला आला म्हंजे झाला."

कल्याणच्या डॉक्टरांनी कान तपासले. त्यांचे म्हणणे असे की खालचे, घुमणारे आवाज शाबूत आहेत, वरचे गेले, बायकामुलांचे आवाज त्यातच गेले. तेव्हा दोन्ही कानांना मशीन लावा आणि शेडपासून लांब राहा. त्यांनी हे कागदावर रेघ काढूनही दाखवले. ती रेघ उजवीकडे घसरत खाली जात होती. लग्नघरात असला कागद कोणाला आवडणार?

त्याच संध्याकाळी समिती बसली. सदस्य: दाजींचा मुलगा मितेश (इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला दुसऱ्यांदा), दाजींचा पुतण्या भाविक (धामणकर नाक्यावर मोबाइलचे दुकान) आणि मी. कानाच्या मशीनवर पुढील आक्षेप नोंदवण्यात आले. मशीन दिसते. दिसले की शेलारचे व्याही विचारणार, बहिरेपण घराण्यात आहे का? आपण सांगणार, नाही, लूममुळे आहे. पण ते मांडवात ओरडून सांगावे लागणार. सबब मशीन नामंजूर.

मितेशने पर्याय आणला. त्याने घरी ब्रॉडबँड घेतल्यापासून अभ्यास फार वाढला होता. त्याच्या मते दाजींना गरज होती ती टेबलावर ठेवायच्या एका डबीची, लाडवाच्या डब्याहून लहान. कॉम्प्युटरमधला आवाज आकड्यांच्या रूपात असतो. डबीतला एक भाग, ज्याला डॅक म्हणतात, त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करतो, आणि दुसरा भाग, म्हणजे अॅम्प्लिफायर, तो आवाज मोठ्या हेडफोनमध्ये ढकलतो. गुणाबाईपुढे माइक, माइक लॅपटॉपला, लॅपटॉप डबीला, डबी हेडफोनला, हेडफोन दाजींच्या कानाला. मधे फक्त एक टेबल लागेल. टेबल मंडपवाला देणार होता.

आता हेडफोनही दिसतातच, किंबहुना कानाच्या मशीनच्या दसपट दिसतात, अशी शंका मी सचिव या नात्याने काढली. भाविकने ती तिथल्या तिथे निकालात काढली. ऐकू न येणे हा दोष आहे, तर जास्त बारीक ऐकायची हौस हा दर्जा आहे, आणि दर्जा जितका मोठा दिसेल तितका बरा. मला हे पटले. आजही पटते.

मृणालीने मात्र आडकाठी केली. ती म्हणाली, "पप्पांना मशीनच लावा. माझ्या सासरचे काय बोलायचं ते मला बोलतील ना? मी बघेन." समितीने तिचे आभार मानले. पण ती लवकरच या घरातून जाणार असल्याने इथे तिला मत नव्हते, आणि जिथे जाणार तिथे हा विषयच नव्हता.

भिवंडीत गोदामांची काही कमी नाही, आणि भाविकची प्रत्येक गोदामात ओळख. परदेशी मालातल्या नऊ डब्या त्याने ऐकून परत करण्याच्या बोलीवर आणल्या. मार्गदर्शन इंटरनेटवरून मिळत होते. तिथे जर्मनीतला एक गृहस्थ एका डबीला देवासारखा मानत होता आणि कॅनडातला दुसरा तीच डबी कचऱ्यात टाका म्हणत होता. दोघांचीही खरी नावे कोणाला ठाऊक नव्हती. मितेश जर्मनीकडून उभा राहिला, भाविक कॅनडाकडून, आणि दोघे सख्खे चुलतभाऊ काही दिवस एका पंगतीला जेवले नाहीत. पुतळाबाई मला म्हणाली, "दादा, ह्यांचा भांडन जमिनीचा हाय काय?" मी म्हटले, त्याहून मोठे आहे.

डब्यांचे गुण पाहायचे तर आवाज उबदार आहे की कोरडा, हे कळावे लागते. एका डबीच्या आवाजात भरपूर जागा आहे असे मितेशने जाहीर केले, तेव्हा ती भाड्याने देता येईल का, असे भाविकने विचारले. हळूहळू आमचेही कान तयार झाले. नऊपैकी सात डब्यांत मला स्वच्छ फरक ऐकू आला. उरलेल्या दोन डब्यांतही फरक ऐकू आला, पण त्या वेळी त्या चालू केलेल्या नव्हत्या (ही बाब गुणांकनात धरली नाही).

खरी अडचण वेगळीच होती. बारीक फरक ऐकायला शांतता लागते. आमच्याकडे शांतता लाइट गेल्यावर येते. लाइट गेली की डबी बंद. लाइट आली की डबी चालू, आणि लूमही चालू. इन्व्हर्टरवर ऐकू म्हटले तर मितेश अंगावर आला. इन्व्हर्टरचा करंट अशुद्ध असतो म्हणे, आणि अशुद्ध करंटवर डबीचे मत बनवणे हा डबीवर अन्याय. मी सुचवले की दोन तास शेड बंद ठेवू. धंदा बंद ठेवून गाणी ऐकणे हे मात्र तिघांपैकी कोणालाच शोभणारे नव्हते. शेवटी लाइट आल्यावर कामगार बटण दाबायला शेडपर्यंत चालत जातो, तेवढ्या अवधीत आम्ही निवड करीत असू. अशा परिस्थितीत इतकी काटेकोर निवड देशात दुसरीकडे कुठे झाली असेल असे वाटत नाही.

परीक्षक मंडळात दाजींना घ्यावे का, यावर एकदा चर्चा झाली. त्यांना ऐकू येत नाही, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याचे ऐकण्याविषयीचे मत कसे धरायचे? म्हणून त्यांना वगळले. ते रोज संध्याकाळी मितेशच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहत आणि विचारत, "डबी ठरली काय?" आम्ही हाताने थांबा म्हणून खूण करीत असू. मग ते परत शेडमध्ये जाऊन उभे राहत. डॉक्टरांनी शेडपासून लांब राहायला सांगितले होते हे खरे, पण समिती कामात असल्याने शेड बघायला दुसरे कोणी नव्हते.

लग्नाला आठवडा उरला आणि डबी ठरली. तिचा मुख्य गुण असा की ती स्वतःचे काहीही घालत नाही. आत जे येईल ते जसेच्या तसे बाहेर देते. कमी नाही, जास्त नाही, निवडानिवड नाही. जर्मनी आणि कॅनडा दोघांचेही यावर एकमत होते. मितेश आणि भाविक एका पंगतीला बसले, आणि पुतळाबाईने त्या दिवशी चिंबोऱ्या केल्या.

धवल्यात लूमचा अडथळा नको म्हणून हळद शुक्रवारी धरली, कारण शुक्रवारी लूम बंद असतात. लूम बंद असतात कारण त्या दिवशी लाइट नसते. म्हणून मांडवामागे जनरेटर लावला. मितेशने करंटच्या शुद्धतेचा आग्रह सोडला. लग्नघरात माणसाने थोडे नमते घ्यावे लागते.

दुपारी गुणाबाई मांडवात येऊन बसली. तिच्यापुढे माइक ठेवला, दाजींना नवा सफारी घालून टेबलाशी बसवले आणि डोक्यावर हेडफोन चढवला. पाहुणे उठून उठून बघायला आले. दर्जा सर्वांना दिसला. एवढ्यात शेलारचे व्याही महादूशेठ आले. त्यांच्या दोन्ही कानांत मशीन होते. त्यांचीही लूमची शेड होती. दुसरे काय होणार? बँजोवाल्यांनी सुरुवात केली की ते मशीन काढून खिशात टाकीत, आणि गुणाबाई गायला लागली की पुन्हा लावीत. समितीने ही गोष्ट माहितीस्तव पाहून घेतली. मृणालीने माझ्याकडे पाहिले. मी डबीकडे पाहिले.

डबीने आपले काम चोख केले. माइकमध्ये गुणाबाई होती आणि मांडवामागचा जनरेटरही होता, आणि तिने दोघांत भेदभाव केला नाही. धवला सुरू झाला तसे दाजी कपाळाला आठ्या घालून इकडेतिकडे बघायला लागले. शेजारी बसलेल्या माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणाले, "हलदीचे दिवशी लूम कनी चालू ठेवल्यान?" मितेशने आवाज वाढवला. दाजींनी डोळे मिटले. गुणाबाईने त्यांचे नाव घेतले, अख्ख्या मांडवाने ऐकले, महादूशेठनी मान डोलावली. हळद लागलेली मृणाली पाटावरून वळून बापाकडे बघत होती, आणि बाप मागच्या कनातीकडे बघत होता, लूमचा आवाज कुठून येतो ते शोधत. मला फार वाईट वाटले. हे सचिव म्हणून नव्हे, मेहुणा म्हणून सांगतो.

धवला संपला. बायका उठल्या. दाजींनी हेडफोन एका कानावरून सरकवला आणि मितेशला विचारले, "धवला कवा चालू व्हनार?"

मितेश डबीची वायर तपासू लागला. दाजींनी पुन्हा विचारले. मितेश म्हणाला, "काय न्हाय, पप्पा." दाजींनी मान हलवली, हेडफोन नीट बसवला आणि सफारी सारखी करून ते वाट बघत ताठ बसून राहिले.

या प्रकरणानंतर मला पुष्कळांनी गाठून एकच प्रश्न विचारला: शेवटी डबी कोणती ठरली? आपणही नाव कळेल या आशेनेच इथवर आलात, हे मी जाणतो. ज्यांच्या घरी कोणी वयस्कर माणूस "काय म्हणालास?" असे दोनदा विचारते, अशांना ते नाव कळवायला समिती तयार आहे. तोवर तिसऱ्यांदा विचारल्यावर आपण "काही नाही" असे उत्तर देत असालच. ते चालू ठेवावे. तेवढे उत्तर कुठल्याही डबीशिवाय त्यांना स्वच्छ ऐकू जाते, असा आमच्या घरचा अनुभव आहे.