रूबेन सरांचा शुक्रवार

साताऱ्याच्या आमच्या हायस्कुलात रूबेन सरांनी नख लावून पाहिल्याशिवाय पेरू कापला जात नसे. सुरी हाती आली की ते धारेवरून अंगठ्याचं नख हळूच फिरवत, डोळे मिटत आणि निकाल देत, "दाता पडलाय." मग पेरू बाजूला आणि सर सुरी घासायला बसलेले. तोवर मधली सुट्टी संपायची. एकदा मी वैतागून म्हणालो, "अहो, पेरूला काय कळतंय?"

"पेरूला नाही, माने सर. हाताला सवय राहिली पाहिजे."

शास्त्र शिकवणारा हा गृहस्थ सातारा-सांगलीकडच्या मोजक्या बेने इस्राएल ज्यू घरांचा सगळा धर्म एकट्याने सांभाळायचा. कुणाचं लग्न, कुणाचा नवसाचा मलिदा, कुणाची माती, प्रार्थना म्हणायला हेच. कोंबडी कापायलाही हेच, कारण सुरीच्या धारेला एवढासा दाता, बारीकशी खाच, असली तरी ती कोंबडी त्या लोकांना चालत नाही. सर गावात येईपर्यंत मिरजेची माणसं बिचारी भाजीवर दिवस काढत. "मी नसलो की अडतं," हे सरांचं पालुपद. त्यावर लेआवहिनी म्हणत, "घरी मात्र कध्धी अडत नाही!" हेडमास्तर तर सरांचा रजेचा अर्ज वाचायचेच नाहीत, नुसते सुस्कारा टाकून सही करायचे.

सरांची लेक रेचल लग्न होऊन नवऱ्याबरोबर इस्राएलला निघाली तेव्हाची गोष्ट. रविवारी ती साताऱ्याहून निघणार होती. शुक्रवारी सूर्य मावळला की यांचा शब्बाथ, आठवड्याचा विसाव्याचा दिवस, लागतो. दिवे लागतात आणि बाप मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतो. वहिनींनी आधीच बजावलं होतं, "हा शुक्रवार घरचा. पुन्हा ती कधी येईल, कोण जाणे."

नेमका त्याच शुक्रवारी पहिल्या तासाला शिपाई धावत आला. "सर, सांगलीचा ट्रंककॉल हाय. तुमच्यातलं कोन म्हातारं गेलं म्हनं."

सरांचा चेहरा उतरला. माती शब्बाथच्या आत व्हायला हवी, आणि सूर्य मावळल्यावर यांना गाडीत बसता येत नाही. हे दोन्ही साधायचं म्हणजे एस. टी. पळवावी लागणार. वहिनींनी मला गाठलं. "माने भावजी, तुम्ही बरोबर जा. त्यांना परत घेऊन या."

माती वेळेत झाली. मी सरांच्या दंडाला धरून निघालो, तर गल्लीच्या तोंडाशी मिरजेच्या एक बाई दोन कोंबड्या काखेत घेऊन उभ्या!

"सर, आलाच आहात तर..."

"नाही जमणार!" मीच ओरडलो.

"पोरांनी महिनाभर चव बघितली नाही हो."

सर माझ्याकडे बघेनात. पिशवीतून सुरी काढली, नख फिरवलं. दाता! मग दगड, पाणी, घासणं, पुन्हा नख. एव्हाना आणखी एक जण कोंबडा घेऊन आला. मी रागानं लाल झालो होतो. आमची गाडी गेली.

पुढची गाडी मिळाली तेव्हा उन्हं कलली होती. इस्लामपूर गेलं. सर डावीकडच्या खिडकीतून सूर्य बघायचे आणि मान फिरवायचे. मी म्हटलं, "सर, एक दिवस नियम मोडला तर देव रागावणार नाही. मुलगी चाललीय."

"लोकांना मी काय सांगत आलो, माने सर? ते मोडून कसं चालेल?"

कराडच्या स्टँडवर सर उठले. जीव गेला तरी दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही अशी ती सुरीची पिशवी, शब्बाथला ओझं वाहायचं नसतं म्हणून, त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. "इथं ओळखीच्यांकडे राहीन. रेचलला सांगा..." त्यांनी एकदा सूर्याकडे पाहिलं. "सांगा, मी इथून देतो."

मला भयंकर राग आला होता आणि रडूही येत होतं. गाडी हलली. खिडकीतून पाहिलं, तर सर साताऱ्याच्या दिशेला तोंड करून उभे, डोळे मिटलेले, हात पुढं धरलेला. कंडक्टरला वाटलं हात केला, त्यानं घंटी मारून गाडी थांबवली.

"आवं पाव्हणं, यायचं हाय का न्हाई?"

सर हलले नाहीत. ओठ तेवढे पुटपुटत होते. "काय मानूस हाय!" म्हणत त्यानं दोनदा घंटी दिली.

मी वळून बघत राहिलो. रेचल चांगली माझ्या खांद्याला लागणारी मुलगी, पण सरांचा हात तेवढा उंच नव्हता. पहिली-दुसरीतल्या पोरीच्या डोक्यावर ठेवावा, इतका खाली होता.