सुर्वे सुभेदारांच्या छत्तीस पायऱ्या

सुर्वे सुभेदार कुणाच्याही घरी गेले की चहाआधी भिंतीवर मिटलेल्या बोटांनी टकटक करतात. कान देऊन ऐकतात आणि म्हणतात, "पोकळ. मिल्ट्रीत पाडून परत बांधायला लावली असती." आमच्या भाईंदर पूर्वेच्या इमारतीत त्यांनी अजून एकही भिंत पास केलेली नाही.

त्यांची सगळी नोकरी लष्कराच्या बांधकामांवर गेली. आता कुठे नवं काम दिसलं की आत शिरून दर विचारायचे आणि मिल्ट्रीच्या दराशी ताडून पाहायचे, हा उद्योग. काशीगावच्या एका साइटवर वॉचमनने त्यांना पालिकेचे साहेब समजून खुर्ची दिली होती. ते बसले, वर चहाही प्यायले.

यंदा सोसायटीचा जिना दुरुस्त करायचं ठरलं. लिफ्ट नाहीच. मी खजिनदार. कंत्राटदाराचं अंदाजपत्रक आलं, त्याच्या शेजारी सुभेदारांनी आपलं आणून ठेवलं. बरोबर दीडपट. मी दोन रकाने आखून तपासलं. सिमेंट, वाळू, मजुरी यांत फरक किरकोळ. सगळा फरक एका ओळीत होता : सर्व पायऱ्या एकाच उंचीच्या करणे.

"दुसऱ्या मजल्यापर्यंत छत्तीस पायऱ्या," ते सभेत म्हणाले. "एकवीस कमीजास्त आहेत. प्रायव्हेटवाला अंदाजाने बांधतो, मिल्ट्री मोजून बांधते."

कंत्राटदार म्हणाला, "अंकल, ये भाईंदर है, बॉर्डर नहीं."

सभा हसली. मीही हसलो. सुभेदार हसले नाहीत. दुसऱ्या मजल्यापर्यंतचा जादा खर्च मी देतो म्हणाले, पण पायऱ्या सारख्याच हव्यात. दुसऱ्यापर्यंतच का, असं मी विचारलं, तर ते मेजरटेप गुंडाळत बसले.

काम झालं. परवा सकाळी मी दूध घेऊन जिन्याशी आलो, तर सुर्वे वहिनी उतरत होत्या. त्यांना हल्ली कमी दिसतं, हे ऐकून होतो. किती कमी, ते तेव्हा कळलं. मी समोर उभा असून त्या तशाच माझ्या रोखाने येत होत्या, ओठांत मोजत. पाऊल कुठे अडत नव्हतं. एक पायरी मागे सुभेदार, हात त्यांच्या पाठीपासून वीतभर लांब धरलेला.

"छत्तीस," वहिनी खाली पोचून म्हणाल्या. "अहो, आज एकदापण अडखळले नाय."

"अडखळशील कशी? मिल्ट्रीचं काम आहे."

घरी जाऊन मी दोन रकान्यांचा तो तक्ता काढला. त्या ओळीपुढे 'जादा' लिहिलं होतं, ते खोडून 'आवश्यक' लिहिलं. खाडाखोड केली की सही करावी लागते. केली.