मागच्या सीटचा डावा कोपरा

धुळ्याला आम्ही राहायचो त्या गल्लीत एक गृहस्थ होते, त्यांना मोटार चालू झाली की वाईट वाटायचं. बंद पडली की वाईट वाटणारे तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. आमचे नाना उलटे. बटण दाबल्याबरोबर इंजिन धडधडलं, की हा माणूस स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसायचा आणि म्हणायचा, "आजपण लागली. आता काय करू?"

गल्लीचं म्हणणं असं, की नानांना लागलंय वेड. पण माझं घर त्यांच्या बरोबर समोर. माझा ओटा आणि त्यांचा ओटा यांच्यामध्ये ती मोटार उभी. त्यामुळे मला सगळं दिसायचं आणि बहुतेक सगळं ऐकूही यायचं. म्हणून सांगते.

नानांचं सरकी-पेंडेचं दुकान होतं. अंगानं काटकुळे, धोतरावर खाकी शर्ट, आणि दुसऱ्यांच्या खिशाला पेन असतं तिथे यांच्या खिशाला दोन वायरी सोडलेला एक बल्ब. करंट आहे की नाही बघायचा. या माणसाला मी कधी धड बसलेलं पाहिलं नाही. चहा दिला तर उभ्यानं प्यायचे, तोही फेऱ्या मारत. "नाना, बसा की," म्हटलं तर ओट्याच्या कडेला जरासे टेकायचे, एक पाय खाली, म्हणजे पळायला बरं.

आणि तोंडात एकच वाक्य. "करंट कुठंतरी अडतोय." मोटारीबद्दल म्हणायचे ते ठीक. पण डाळ शिजली नाही तरी करंट कुठंतरी अडतोय. पोस्टमन आला नाही तरी तेच. आमच्या ह्यांची बढती दरवर्षी हुकायची, तर ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "तुमचं खालचं कनेक्शन ठीक आहे हो. वर कुठंतरी करंट अडतोय." ह्यांना ते इतकं पटलं, की कचेरीत साहेबासमोर बोलून बसले. मग बढती आणखी लांबली.

मोटार होती विटकरी रंगाची, विलायती, नानांच्याही आधी म्हातारी झालेली. एका कापसाच्या जिनवाल्या शेठनं नवीन घेतली, तेव्हा ती नानांनी घेतली. आली त्या दिवशी अक्कांनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, तिला कुंकू लावलं, ओवाळलं. अक्का म्हणजे बोलायच्या आधी हसणारी बाई. अंगानं भरलेल्या, चालताना दम लागायचा, त्याचंही हसायच्या. ओवाळून झाल्यावर नाना म्हणाले, "चल, देवीला जाऊन येऊ." अक्का मागे बसल्या. त्या काळी आमच्याकडे नवऱ्याशेजारी पुढे बसायची पद्धत नव्हती. बाईनं मागे बसायचं, आणि ओट्याकडचं दार डाव्या हाताला, तेव्हा डाव्या कोपऱ्यात बसायचं. पुढची जागा रिकामी गेली तरी चालेल.

नानांनी बटण दाबलं. टक.

बस, एवढंच. परत दाबलं. टक. दिवे लागतायत, भोंगा वाजतोय, पण इंजिन सुरू करणारा सेल्फ फिरत नाही. नाना उतरले, बॉनेट उघडलं, फुंकर मारली. अक्का बिचाऱ्या ओशाळून उतरून उभ्या राहिल्या. नानांनी खिडकीतून हात घालून बटण दाबलं, आणि मोटार सुरू.

ओट्यावर नानांच्या थोरल्या बहीण बसल्या होत्या, जिजी. शिरपूरकडच्या खेड्यातून आलेल्या, विधवा, घरात शब्द त्यांचा. त्या वाती वळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मोटार पायगुण वळखस."

सहज म्हणाल्या हो. वाईट मनानंही नसेल. पण काही वाक्यं घरात येतात ती जायचं नाव घेत नाहीत. त्यानंतर कधी अक्का बसल्या तर टक, कधी अक्का बसूनही लागायची. लागली ते कुणी लक्षात ठेवलं नाही. नाही लागली ते सगळ्या गल्लीनं ठेवलं. "अक्का, तुमची सवत रुसली का?" असं आम्ही बायकाच थट्टेनं विचारायचो. अक्का हसायच्या.

नानांनी मात्र मोटारीचं एकेक अंग तपासायला घेतलं. बॅटरीच्या टोकांवर चुन्यासारखं पांढरं चढायचं, ते सोड्याच्या पाण्यानं धुतलं. वायरी घासल्या. सेल्फ काढून त्यातले कार्बन बदलले. नवीन बॅटरी आणली. रहीम मिस्त्रींना तर घरच्यासारखं बोलावणं. मिस्त्री यायचे, पुढे बसायचे, बटण दाबायचे, आणि ती एका दमात सुरू व्हायची.

"नाना, माझ्याशी तर बरी वागते."

"तू आल्यावर नाटक करते रे ती."

"मग माझा फोटो लावा आत."

नाना रागानं मागची सीट काढून बाहेर ठेवायचे. या मोटारीची बॅटरी मागच्या सीटखाली होती. सीट काढून खाली डोकं घालायचे, बल्ब लावायचे, मिस्त्रींना बटण दाबायला सांगायचे. बल्ब लख्ख. मोटार सुरू. जेवता जेवता काही सुचलं की ताटावरून उठून बाहेर, हात खरकटा, डाव्या हातानं बॉनेट उघडायचं. जिजी आतून ओरडायच्या, नाना बाहेरून सांगायचे, "बठ्ठं पाही टाकं, काहीच नही." म्हणजे सगळं बघून झालं, सापडत काहीच नाही.

मग ते पारोळ्याच्या रस्त्याचं झालं. भाचीच्या लग्नाला निघालेले, वाटेत पाणी प्यायला थांबले, आणि टक. भर उन्हात अक्का बाभळीखाली उभ्या, त्यांच्या जागेवर आहेराची जड ट्रंक सरकवलेली, जाणारे-येणारे धक्का मारतायत. पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. मांडवात जिजींनी कुणाला तरी कारण सांगितलं, आणि त्या कुणीतरी अक्कांकडे जरा वेळ बघितलं. तेवढंच. परत आल्यावर अक्का मोटारीत बसल्या नाहीत. हसणंही कमी झालं.

आणि गंमत बघा, तेव्हापासून मोटार सुतासारखी सरळ. रोज पहिल्या बटणाला सुरू. गल्ली म्हणाली, बघा, आम्ही काय म्हणत होतो. इथून नाना बिघडले. चालू मोटार घेऊन मिस्त्रींकडे जायचे आणि तक्रार करायचे, "आजपण लागली." मिस्त्री हात जोडायचे. "नाना, बंद गाडी मी चालू करतो. चालू गाडीचं काय करू?" नाना मोटार धुवायचे, उन्हात तापवायचे, पांझरेच्या पुलापर्यंत नेऊन आणायचे, की कुठंतरी बंद पडेल. ती काही पडेना.

एके दिवशी आमचे हे त्यांना म्हणाले, "नाना, विकून टाका ना ही ब्याद."

नाना फेऱ्या मारत होते, ते थांबले. "विकू कशी? दोष सापडायच्या आत विकली, तर मोटार जाईल आणि दोष घरात राहील."

आमच्या ह्यांना काही कळलं नाही. मी आत पोळ्या लाटत होते, माझं लाटणं थांबलं. तोवर मलाही हा माणूस मोटारवेडाच वाटत होता.

त्यात नानांच्या लेकीला, कुसुमला, दिवस गेल्याचं कळलं. कुसुम दिली होती सावद्याला, केळीच्या बागायतदाराकडे. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि लेकीला आणायला आईनं जायचं, खण-नारळ घेऊन. तशी पद्धतच. पण अक्का जायला तयार नाहीत. मोटारीनं नाही तर एसटीनं चल म्हटलं, तरी नाही. मला म्हणाल्या, "तू सांग गं नानांना. जिजींना घेऊन जा म्हणावं. पोटुशी पोर आहे. वाटेत माझ्यामुळे काही झालं तर मी कुठे तोंड दाखवू?" आणि हे बोलताना त्या कुसुमसाठी डिंक साफ करत होत्या, एकेक खडा उजेडात धरून. मी नानांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बाहेर जाऊन उगीचच चाकांना लाथा मारत राहिले.

कुसुमला आणायचा दिवस दोन-तीन दिवसांवर आला. मी आपली बाजारात निघाले होते, हातात पिशव्या. नाना म्हणाले, "चल, मीपण तिकडेच जातोय, सोडतो." मी बसले. मागे, डाव्या कोपऱ्यात, आणखी कुठे बसणार.

नानांनी बटण दाबलं. टक.

माझं लग्न होऊन फार तर दोन वर्षं झाली होती हो. जिजी ओट्यावर होत्याच. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उतरायला दाराला हात घातला, तर नाना मागे वळलेले, डोळे असे मोठे.

"हलू नको," म्हणाले. "अजिबात हलू नको गं माझी माय."

परत दाबलं. टक. "आता उतर." मी उतरले. सुरू. बंद केली. "बस." बसले. टक. "आता तिकडे सरक." उजवीकडे सरकले. सुरू. मला बसवतायत, उठवतायत, सरकवतायत, माझ्या पिशव्या रस्त्यावर, गल्ली जमायला लागलेली. मग मला तिथेच सोडून पळत दुकानात गेले आणि हमालाच्या डोक्यावर सरकीचं पोतं देऊन आले. पोतं डाव्या कोपऱ्यात बसवलं, दार लावलं, बटण दाबलं.

टक.

नाना ओट्याकडे वळले. "जिजी, या पोताना बी पायगुण वाईट शे का?"

नाना ओट्यावर गेले, थोरल्या बहिणीचा हात धरून खाली आणलं, पोतं काढून त्या जागी बसवलं. "बस गं जिजी." जिजी मोटारीत अगदी ताठ बसल्या, पदर डोक्यावर सारखा करून. नानांनी बटण दाबलं. टक. आणखी एकदा दाबलं, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून सावकाश. टक. जिजी उतरल्या, कुणाकडे न बघता आत गेल्या. कुणीही हसलं नाही, हे आमच्या गल्लीला शोभण्यासारखं नव्हतं.

दोष काय होता सांगते. सीटची एक जुनी स्प्रिंग डाव्या बाजूला लोंबत होती. कुणाचं वजन नेमकं तिच्यावर पडलं की ती बॅटरीच्या जाड केबलवर दाबायची. केबल वरून धडधाकट, पण रबराच्या आत तारा तुटलेल्या, चार-दोनच शाबूत. दिव्याला, भोंग्याला तेवढा करंट पुरायचा, सेल्फला नाही. आणि बघायला म्हणून सीट काढली, की वजनही गेलं आणि दोषही गेला. इतके दिवस नाना बॅटरी तपासत होते, ती तेवढी सीट बाजूला ठेवून.

केबलचा तो तुकडा घेऊन नाना स्वयंपाकघरात गेले. मी मागोमाग. अक्का चुलीपुढे होत्या. नानांनी रबर चिरून आतल्या हिरव्या पडलेल्या तारा दाखवल्या. "हे बघ. हे होतं. तू नाही, हे."

अक्कांनी बघितल्यासारखं केलं. "बरं झालं सापडलं," म्हणाल्या. "मला काय कळतंय त्यातलं." आणि भाजी ढवळायला लागल्या.

नाना तसेच उभे. मला वाटतं इतके दिवस त्यांनी या घटकेचाच विचार केला असेल, आणि ती अशी गेली.

सावद्याला निघायचा दिवस उजाडला. नवीन केबल लागलेली, स्प्रिंग बांधलेली. जिजींनी स्वतः खण-नारळाची पिशवी भरून अक्कांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तू जाय. माय तू शे तिनी." अक्का ओट्याच्या पायऱ्या उतरल्या, पण मोटारीपाशी येऊन थांबल्या. मागचं दार उघडंच होतं. त्यांचा पाय उचलेना. समोरच्या ओट्यावरून मला त्यांचा हात दिसत होता, पिशवीचा बंद पिळून पिळून पांढरा पडलेला.

नाना स्टिअरिंगवरून उतरले. वळसा घालून आले आणि स्वतः मागे जाऊन बसले, डाव्या कोपऱ्यात. जरा हलून, दाबून बसले.

"तू बस पुढे," म्हणाले. "चालवायची नाहीये. नुसतं बटण दाब. गिअर काढलाय."

"लोक बघतायत."

"बघू दे."

अक्का गल्लीकडे बघत, पदर सावरत, चालवायच्या जागेवर बसल्या. तशी बसलेली बाई तोवर आमच्या गल्लीनं पाहिली नव्हती. त्यांनी बोट पुढे नेलं, मागे घेतलं, परत नेलं. मग डोळे मिटून दाबलं.

मोटार धडधडली. अक्कांनी भाजल्यासारखं बोट काढून घेतलं. डोळे उघडले. थोडा वेळ त्या थरथरणाऱ्या काचेकडे नुसत्या बघत राहिल्या.

मागून नाना म्हणाले, "चला, ऊन व्हायच्या आत जळगाव गाठू. सरक, मी येतो पुढे."

अक्का सरकल्या नाहीत. स्टिअरिंगच्या खाली कुठंतरी चाचपडत विचारलं, "ही बंद कशी करायची?"

"बंद कशाला? आत्ता तर लागली."

"मला परत दाबायचंय."

नाना मागच्या कोपऱ्यातून पुढे वाकले, त्यांचा हात धरून चावीवर ठेवला, आणि कुठल्या बाजूला फिरवायची ते सांगायला लागले.